फ्लेक्स प्लेट पुन्हा पुन्हा तडकते? प्लेट बदलण्याआधी बोल्ट मोजा

घनसावंगीकडचे एक मोसंबीचे बागायतदार आहेत. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांची सात सीटची डिझेल ऑटोमॅटिक गाडी एकाच प्लेटपायी तीनदा माझ्या खड्ड्यावर चढली. तिसऱ्या वेळी खाली उतरता उतरता म्हणाले, "मिस्त्री, गाडी पुन्हा बोलाया लागली बघा. आवो, तुम्हीच म्हणले ना सगळं नवं टाकलंय म्हणून?"

नवं टाकलं होतं हे खरं. चूकही माझीच होती आणि ती मला नऊ महिने सापडली नव्हती. हीच तक्रार घेऊन आता बीड, परभणी, सेलूकडच्या मिस्त्रींचे फोन येतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. गाडीला क्लच पेडल नाही म्हणजे आत फ्लेक्स प्लेट असेलच असं नाही. एएमटीमध्ये साधं फ्लायव्हील आणि क्लच असतो, फक्त क्लच दाबायचं काम मशीन करतं. ड्युअल क्लचची गोष्ट वेगळीच. फ्लेक्स प्लेट असते ती टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गिअरबॉक्सला. कन्व्हर्टर म्हणजे क्लचच्या जागी बसणारा, इंजिनचा जोर ऑइलमधून पुढे देणारा गोल डबा. सुमारे तीन मि.मी. जाडीची पोलादी थाळी, मधोमध क्रँकला, म्हणजे इंजिनच्या फिरत्या मुख्य दांड्याला, बोल्टने आवळलेली, कडेला कन्व्हर्टर बांधलेला आणि परिघावर स्टार्टरसाठी दात. काही कंपन्या तिला ड्राइव्ह प्लेट म्हणतात. इंजिनचा सगळा जोर या पातळ थाळीतून गिअरबॉक्सला जातो.

काकांच्या गाडीत पहिल्यांदा तडा नव्हताच. परिघावरच्या रिंगचे दात झिजले होते, सकाळी स्टार्टर खर्रकन घासायचा. रिंग प्लेटलाच जोडलेली, म्हणून मी बाहेरची चांगल्यातली प्लेट मागवून बसवली. चार महिन्यांनी आवाज सुरू झाला. उतरवून बघतो तर क्रँकच्या बोल्टांच्या भोवती प्लेट गोल तडकलेली. मी प्लेटवर खापर फोडलं. दुसऱ्या वेळी कंपनीची प्लेट, कंपनीचेच नवे बोल्ट, पार्सल पुण्याहून ट्रॅव्हल्सने आलं. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराला कट् वाजणारा पाना, लावून आवळले. पाच महिन्यांत पुन्हा तेच.

आवाज ओळखताना होणारी फसगत

हा आवाज ऐकून निम्मे लोक इंजिन खोलायला निघतात, कारण तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगसारखाच खटखट येतो. आमच्याकडे एक गाडी अशी आली होती की आधीच्या ठिकाणी तिचं ऑइल चेंबर उतरवून बेअरिंगं बदलून झाली होती आणि खटखट जशीच्या तशी. म्हणून आधी गाडी गरम करा, ब्रेक दाबून ठेवा आणि एन मधून डी मध्ये, डी मधून परत एन मध्ये टाका. प्लेट तडकली असेल किंवा कन्व्हर्टरचे बोल्ट ढिले असतील तर भार बदलला की आवाजही बदलतो, कधी पूर्ण थांबतो. गाडी बंद करताना शेवटच्या दोन-चार फेऱ्यांत तर तो हमखास ऐकू येतो. स्कॅनरवरून एकेक सिलेंडर बंद करून बघा. बेअरिंगचा आवाज त्या त्या सिलेंडरला बहुधा मवाळ होतो, प्लेटच्या आवाजाला सिलेंडरशी फारसं देणंघेणं नसतं.

मग गिअरबॉक्स उतरवायची घाई न करता खालचं तपासणीचं झाकण काढा. क्रँक पुलीच्या बोल्टाला पाना लावून इंजिन हाताने फिरवत कन्व्हर्टरचे बोल्ट एकेक करून बघा. नुसता ढिला बोल्ट सापडला तर दोन दिवसांचं काम अर्ध्या तासात संपतं. पण तो ढिला का झाला याचं उत्तर मिळाल्याशिवाय झाकण लावू नका.

तिसऱ्या वेळी काय दिसलं

गिअरबॉक्स खाली आला, प्लेट निघाली. क्रँकच्या तोंडावर गेरूसारखी तांबडी बारीक भुकटी होती. हा साधा गंज नाही. लोखंडावर लोखंड अगदी थोडं थोडं घासत राहिलं की अशी भुकटी तयार होते. म्हणजे प्लेट दाबली गेलेलीच नव्हती, हलत होती. प्लेटची भोकंही किंचित लांबट झाली होती.

मी ते बघत होतो तेवढ्यात गॅरेजमधल्या पोराने एक बोल्ट उचलून उजेडाकडे धरला. "दादा, ह्याचं टोक असं चपटं का?"

आठही बोल्ट बघितले. प्रत्येकाच्या टोकावर वाटाण्याएवढा चकचकीत डाग. बोल्ट भोकाच्या तळाला, जिथे आटे संपतात तिथे, जाऊन अडकला होता. रेंच बरोबर कट् करून वाजला होता, पण तो वाजला बोल्ट तळाशी रुतल्यामुळे. बोल्टाच्या डोक्याने प्लेटला धड दाबलंच नव्हतं. आट्यांवरचा गोंद आणि मधल्या खांद्यावर प्लेटची घट्ट बसण, यामुळे हाताने हलवून काही कळत नव्हतं.

पण बोल्ट तर कंपनीचे, याच गाडीचे! मग पार्टचं चित्र मागवून नीट बघितलं. क्रँक आणि प्लेट यांच्या मध्ये एक गोल चकती दाखवलेली, स्पेसर. जाडी अडीच मि.मी. ती चकती पहिल्याच वेळी ऑइल आणि काजळीने जुन्या प्लेटला पाठीमागून चिकटून आली असणार आणि मी प्लेटसकट ती भंगारात टाकली. आमचं गाव जालना. इथे भंगार पडून राहत नाही, भट्टीत जातं. ती चकती तोवर कुणाच्या तरी स्लॅबमध्ये सळई होऊन बसली असेल.

आकडे सांगतो, म्हणजे गोम लक्षात येईल. बोल्टाची डोक्याखालची लांबी २४ मि.मी. क्रँकमध्ये कामाचे आटे २०.५ मि.मी. प्लेटची जाडी ३.२ मि.मी. चकती असती तर बोल्ट आत १८.३ मि.मी. गेला असता आणि तळाशी दोन मि.मी.हून जास्त जागा उरली असती. चकती नसल्यामुळे त्याला २०.८ मि.मी. आत जायचं होतं आणि जागा होती २०.५. तीन दशांश मि.मी.साठी दोन प्लेटा गेल्या. शिवाय प्लेट अडीच मि.मी. इंजिनकडे सरकलेली, म्हणजे कन्व्हर्टरही तेवढाच गिअरबॉक्सच्या ऑइल पंपातून पुढे ओढला गेलेला. पंप वाचला हे नशीब.

काकांना हे सांगायला मला फार शब्द लागले नाहीत. म्हणालो, रोटाव्हेटरचं पातं ढिलं राहिलं की भोक कसं लांबतं, तसंच. ते लगेच म्हणाले, "मग बोल्टाला नट चढला, पर पात्याला भिडलाच नाही म्हणा की." हेच. गाडीचा जोर बोल्टाच्या दांड्यावरून जात नाही, जाऊही नये. बोल्टांनी प्लेट क्रँकवर इतकी दाबायची असते की दोन्ही तोंडं एकमेकांवर सरकूच नयेत. सरकायला लागली की प्रत्येक फेरीला प्लेट वाकते, आणि २००० आरपीएमला हे मिनिटाला २००० वेळा होतं.

लांबी: व्हर्नियर आणि दोन बोटं

आता माझी पद्धत अशी. बोल्ट नवा असो, जुना असो, डब्यावर कोणताही नंबर असो, प्लेट न लावता तो क्रँकच्या उघड्या भोकात हाताने फिरवायचा. जिथे थांबेल तिथे डोक्याखाली राहिलेली फट मोजायची. मधे येणाऱ्या सगळ्या थरांची जाडी, म्हणजे प्लेट, पुढची चकती, मागची चकती, एकत्र मोजायची. फट या जाडीपेक्षा किमान दोन मि.मी. कमी हवी. काकांच्या गाडीत फट ३.५ होती आणि थर नुसता ३.२ चा. हे मी पहिल्याच दिवशी केलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.

दुसरी बाजूही बघायची. पोलादात बोल्ट निदान स्वतःच्या व्यासाएवढा तरी आत गेला पाहिजे, एम १० असेल तर १० मि.मी. मला त्याच्या दीडपट मिळाले की बरं वाटतं. लांब बोल्ट नको म्हणून कुणी आखूड घालतो आणि मग क्रँकचे आटे उपटून निघतात.

काही इंजिनांत क्रँकची भोकं आरपार असतात, तिथे बोल्ट थांबणारच नाही. मग पलीकडे किती टोक निघतं आणि ते कशाला घासेल का हे बघा. आणि त्या आट्यांना सील करणारा गोंद लागलाच पाहिजे, नाहीतर आट्यांतून ऑइल झिरपतं. लोक मागचं सील गेलं समजून गिअरबॉक्स पुन्हा उतरवतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मॅन्युअल गाडीच्या बोल्टांचा. तेच इंजिन मॅन्युअलमध्ये असेल तर क्रँकचे आटे तेच, व्यास तोच, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) तीच. पण फ्लायव्हील जाड म्हणून त्याचे बोल्ट लांब. काउंटरवर नुसतं मॉडेल सांगितलं की कधीकधी हेच बोल्ट हातात पडतात. चासी नंबर द्या, 'ऑटोमॅटिक' हे दोनदा म्हणा, आणि चित्रातल्या चकत्याही मागवा.

आटे

एम १० म्हटलं की झालं असं नाही. एम १० मध्ये १.५ पिच येते, १.२५ येते, १.० पण येते. नट-बोल्टाच्या दुकानात मागितला की बहुतेक वेळा १.५ चा देतात, आणि इथे बऱ्याचदा बारीक आट्यांचा लागतो. चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे गोडीगुलाबीने आत जातो, मग जड लागतो, आणि कुणी बोल्ट आवळायची गन लावली की क्रँकचे आटे गेले. एका बोल्टापायी क्रँकवर काम काढायची वेळ येते.

पिच गेज नसेल तर जुना आणि नवा बोल्ट आट्यांत आटे घालून उजेडासमोर धरा. शेवटपर्यंत फट दिसायला नको. किंवा दहा आट्यांचं अंतर मोजा. १२.५ मि.मी. आलं तर १.२५, १५ आलं तर १.५. नियम एकच ठेवा, प्रत्येक बोल्ट शेवटपर्यंत हाताने गेला पाहिजे. जात नसेल तर भोक साफ करा. नवा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारू नका, तो धातू खातो. जुन्या बोल्टाला हॅक्सॉने उभ्या दोन खाचा पाडा आणि तो फिरवा, सगळी घाण खाचांत येते. नंतर ब्रेक क्लीनर आणि हवा. बंद भोकात ऑइल किंवा गोंदाचं तळं राहिलं तर बोल्ट त्यावरच थांबतो आणि पुन्हा तीच चपट्या टोकाची कहाणी.

ग्रेड आणि डोकं

डोक्यावरचे आकडे वाचायला शिका. ८.८ म्हणजे ताणाची ताकद ८०० मेगापास्कल आणि त्याच्या ८० टक्क्यांवर बोल्ट कायमचा लांबायला लागतो. १०.९ म्हणजे १००० आणि ९० टक्के. क्रँकला १०.९ चा असेल आणि तुम्ही ८.८ चा घातला, तर ठरलेल्या टॉर्कला तो रबरासारखा ताणला जातो. डोक्यावर काहीच खूण नसेल तर तो बोल्ट पत्र्याच्या शेडला वापरा.

मग काहीजण हुशारी करून १२.९ चे काळे अॅलन बोल्ट घालतात. जास्त ताकद, जास्त भारी, असा हिशेब. मला हे पटत नाही. त्याचं डोकं लहान, पातळ प्लेटवर दाब एका कड्यात एकवटतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. इतका कडक बोल्ट लवचीकही कमी असतो आणि त्यावर झिंक चढवलेलं असेल तर अचानक मोडायची भीती. कंपनीने रुंद डोक्याचा फ्लॅंज बोल्ट दिला असेल तर त्याला कारण आहे.

स्प्रिंग वॉशर इथे घालू नका. वाढीव सुरक्षा म्हणून लोक घालतात आणि त्याची कापलेली धार प्लेटवर ओरखडा पाडते. वर डोकं दीड-दोन मि.मी. पुढे येतं. क्रँकच्या बोल्टांची डोकी आणि कन्व्हर्टर यांच्यात जागा फार नसते. डोक्यावर गोल घासलेली रेघ दिसली तर समजा कन्व्हर्टर लागतोय.

बोल्ट पुन्हा वापरायचे का? कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये टॉर्कनंतर अमुक अंश फिरवा असं असेल तर नाही, ते एकदाच ताणण्यासाठी बनवलेले असतात. बाकीचे वापरता येतात, पण सगळे ओळीने उभे करा. एखादा उंच दिसला तर तो लांबलेला आहे.

कन्व्हर्टरचे बोल्ट

इथे चूक झाली तर आवाज येत नाही, म्हणून ती जास्त महाग पडते. हा बोल्ट लांब झाला तर त्याचं टोक कन्व्हर्टरच्या पुढच्या पत्र्याला आतून फुगवटा आणतं. त्याच पत्र्याच्या आतल्या तोंडावर लॉक-अप क्लच, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनशी थेट जोडणारा क्लच, चिकटतो. मग मधल्या वेगाला, लॉक-अप लागला की, गाडी खडबडीत रस्त्यावर असल्यासारखी थरथरते. समृद्धीसारख्या गुळगुळीत रस्त्यावर तर ते लगेच जाणवतं. ग्राहक दोनदा गिअर ऑइल बदलतो, मिस्त्री सेन्सर बदलतो, आणि कारण असतं एक बोल्ट.

तपासणी तीच. कन्व्हर्टर टेबलावर असताना बोल्ट हाताने फिरवा, टोक टेकलं की थांबा, डोक्याखालची फट मोजा. प्लेटची तिथली जाडी फटीपेक्षा जास्त हवी, नुसती केसभर नव्हे, चांगली एक-दीड मि.मी. हा बोल्ट क्रँकच्या बोल्टापेक्षा वेगळा असतो, बहुधा आखूड, म्हणून दोन्ही एका डब्यात ठेवू नका. काही टोयोटा गाड्यांत कन्व्हर्टरच्या सहापैकी एक बोल्ट वेगळ्या रंगाचा असतो, तो आधी लावायचा, कारण जागा तो ठरवतो. सगळे बोल्ट आधी हाताने लावायचे, मगच आवळायला सुरुवात.

गिअरबॉक्स चढवताना कन्व्हर्टर पंपात पूर्ण बसलेला असला पाहिजे. बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं पुढचं घंटेसारखं कवच) इंजिनला टेकल्यावरही तो हाताने फिरला पाहिजे आणि प्लेटकडे काही मि.मी. पुढे ओढावा लागला पाहिजे. बेलहाउसिंगचे बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेत असाल तर थांबा.

हे सगळं बरोबर असूनही प्लेट तडकली तर बेलहाउसिंगच्या दोन डॉवेल पिना, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनला नेमक्या जागी धरणाऱ्या पिना, बघा. कुणीतरी आधी गिअरबॉक्स उतरवताना हरवलेल्या असतात. पिन नसली की दोन अक्ष थोडे सरकतात आणि प्लेट फेरीफेरीला वाकते, बोल्ट कितीही चांगले असले तरी.

काकांच्या गाडीत चकती आली, नवे आठ बोल्ट, नवी प्लेट. क्रँकच्या तोंडावर डायल गेज लावून वळण बघितलं, ठीक होतं. आट्यांना गोंद, सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला समोरासमोरचे बोल्ट दोन टप्प्यांत आवळले. प्रत्येक डोक्यावरून, नंतर कन्व्हर्टरच्या बोल्टांवरूनही, प्लेटवर पांढऱ्या रंगाने एक सरळ रेघ ओढली. मजुरी घेतली नाही, प्लेटचे पैसेही माझ्याकडूनच गेले. काका घ्या म्हणत होते, पण ते काही बरं दिसलं नसतं.

हजार किलोमीटरला त्यांना बोलावून बघितलं, कन्व्हर्टरच्या बोल्टांवरच्या रेघा जिथल्या तिथे. या दिवाळीला दोन वर्षं होतील. सर्व्हिसिंगला गाडी आली की पोरगं न सांगता खालचं झाकण काढतं, बॅटरी मारून बघतं आणि खालूनच ओरडतं, "दादा, सरळ हायत."